सिरोंच्याच्या वनात प्रिझम दुर्बिणीची निवड

बंदुकीवर बसवला जाणारा आखूड प्रिझम स्कोप आणि गळ्यात अडकवायची लहान प्रिझम दुर्बीण ही दोन उपकरणे वापराच्या दृष्टीने एकमेकांपासून दूर असली, तरी त्यांची अंतर्गत रचना एकाच तत्त्वावर उभी आहे. समोरच्या भिंगाने उलटी केलेली प्रतिमा काचेच्या लोलकात, म्हणजेच प्रिझममध्ये, अनेकदा परावर्तित करून सुलट करावयाची आणि त्याच ओघात प्रकाशाच्या मार्गाला घड्या घालून नळीची लांबी कमी करावयाची, हे ते तत्त्व होय. त्यामुळे प्रिझमचा प्रकार, काचेवरील लेप, नेत्रिकेपासून डोळ्याचे अंतर आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी हे निवडीचे निकष दोन्ही उपकरणांना लागू पडतात.

सिरोंचा तालुक्यात, आणि एकूणच गडचिरोली व चंद्रपूर या वनजिल्ह्यांत, या निकषांचा विचार बंदुकीपेक्षा दुर्बिणीच्या संदर्भात करणे अधिक उपयोगाचे आहे, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. आणि कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकांना आपल्या नावाची नोंदणी करावी लागते. वन्यप्राणी न्याहाळण्यासाठी येथे उरलेले आणि योग्य असे साधन म्हणजे हातात धरायची दुर्बीण, आणि ते साधन वनरक्षक, निसर्ग मार्गदर्शक, पक्षिनिरीक्षक, शिक्षक व विद्यार्थी या सर्वांच्या उपयोगाचे आहे. ती निवडताना बहुतेक खरेदीदार सर्वप्रथम ‘किती पट मोठे दिसते’ असे विचारतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की हा प्रश्न सर्वात शेवटी यावा, आणि त्याआधी प्रकाश, प्रिझम, डोळा, हात आणि हवामान यांचा विचार याच क्रमाने व्हावा.

प्रदेश आणि त्यातील प्रकाश

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निर्माण झालेली प्राणहिता नदी महाराष्ट्र व तेलंगणाच्या सीमेवरून दक्षिणेकडे वाहत येऊन सिरोंच्याजवळ, कालेश्वरमच्या समोर, गोदावरीला मिळते, आणि पुढे सोमनूरजवळ इंद्रावती या प्रवाहात येऊन मिसळते. हिवाळा व उन्हाळ्यात या नद्यांची पात्रे रुंद, वाळूची आणि उघडी असतात. तेथे नदी सुरय, टिटव्या आणि हिवाळ्यात चक्रवाक यांसारखे पक्षी दूरवर दिसतात, प्रकाश भरपूर असतो, आणि निरीक्षक व पक्षी यांच्यात काहीशे मीटरचे अंतर असणे नित्याचे असते.

याच पात्रापासून आत वळल्यावर साग, बांबू, ऐन, बिजा, तेंदू आणि मोह यांचे वन लागते, जेथे परिस्थिती नेमकी उलट असते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पानांचे छत इतके दाट होते की सकाळी उशिरापर्यंत तळाशी सावलीच राहते, आणि नवरंग, भृंगराज, सर्पगरुड किंवा शेकरू यांसारखे जीव वीस ते साठ मीटरांच्या आत, फांद्यांच्या आड, काही क्षणांपुरतेच दिसतात. सिरोंचा वनविभागातील कोलामार्का हे क्षेत्र रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. रानम्हैस हा अतिशय सावध आणि प्रसंगी धोकादायक प्राणी असल्यामुळे तिचे निरीक्षण दुरूनच करावे लागते, आणि ती उघड्यावर येण्याची वेळ बहुधा पहाटेची किंवा सायंकाळची असते.

म्हणजे एकाच दिवसात एकाच निरीक्षकाला झगझगीत वाळवंट, दाट सावली आणि संधिप्रकाश अशा तीन प्रकारच्या प्रकाशात काम करावे लागते. यांपैकी झगझगीत उन्हात कोणतीही बरी दुर्बीण चांगलीच वाटते; उपकरणाची खरी परीक्षा सावलीत आणि संधिप्रकाशात होते. म्हणूनच दुपारी, उजेडात असलेल्या दुकानात, रस्त्यापलीकडील पाटी वाचून केलेली निवड वनात पोहोचल्यावर अनेकदा चुकीची ठरते.

प्रिझमचे दोन प्रकार

दोन बहिर्वक्र भिंगांच्या साध्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, आणि ती सुलट करण्यासाठी जादा भिंगे घातली तर नळी लांबते. जुन्या सागरी दुर्बिणी आणि बंदुकीवरील नेहमीच्या लांब स्कोपची रचना अशी भिंगांची असते. इटलीतील इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये दोन काटकोनी लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा सुलट करण्याच्या रचनेचे पेटंट घेतले, आणि १८९४ मध्ये जर्मनीतील येना येथील कार्ल झाइस कंपनीने, अर्न्स्ट ॲबे यांच्या संशोधनाच्या आधारे, या रचनेच्या हातदुर्बिणी बाजारात आणल्या.

पोरो रचनेतील दुर्बीण ओळखणे सोपे असते, कारण तिची समोरची भिंगे नेत्रिकांच्या सरळ रेषेत नसून बाजूला सरकलेली असतात आणि त्यामुळे तिचा आकार खांद्यांसारखा रुंद दिसतो. या रचनेत प्रकाशाचे परावर्तन पूर्ण आंतरिक परावर्तनाने होते, म्हणजे काचेच्या आतून पृष्ठभागावर विशिष्ट कोनाने पडलेला प्रकाश बाहेर न जाता संपूर्णपणे आतच परततो, आणि त्यासाठी आरशासारखा मुलामा द्यावा लागत नाही. परिणामी कमी किमतीतही पोरो दुर्बीण उजळ व खोलीचा चांगला आभास देणारी प्रतिमा दाखवते. तिची मर्यादा अशी की ती आकाराने मोठी असते, आणि तिच्या अनेक स्वस्त नमुन्यांत फोकस करताना नेत्रिका बाहेर-आत सरकत असल्यामुळे तेथून धूळ व बाष्प आत शिरते.

दुसरा प्रकार रूफ प्रिझमचा, ज्यात लोलकाचे दोन पृष्ठभाग घराच्या छपराप्रमाणे काटकोनात मिळतात. यात समोरचे भिंग आणि नेत्रिका एका सरळ नळीत बसतात, त्यामुळे दुर्बीण सडपातळ होते. लहान दुर्बिणींत आणि आखूड स्कोपमध्ये आढळणारी श्मिट-पेचान ही रचना याच प्रकारातली आहे. मात्र तिच्यात एका पृष्ठभागावर पूर्ण आंतरिक परावर्तन होत नाही, म्हणून तेथे आरशाचा लेप द्यावा लागतो. तो लेप ॲल्युमिनियमचा असल्यास त्या एका पृष्ठभागावर सुमारे एक दशांश प्रकाश नाहीसा होतो, चांदीचा असल्यास बराच कमी, आणि डायलेक्ट्रिक, म्हणजे अनेक अतिपातळ अधातू थरांचा, असल्यास जवळजवळ नगण्य.

रूफ प्रिझमची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. छपराच्या दोन बाजूंनी गेलेल्या प्रकाशलहरी एकमेकींशी किंचित विसंगत होऊन परत मिळतात आणि त्यामुळे बारीक तपशील, उदाहरणार्थ पिसांवरील रेषा, पुसट होतात. ही विसंगती दूर करणारा कला-दुरुस्तीचा लेप, ज्याला बाजारात फेज कोटिंग म्हणतात, १९८८ पासून दुर्बिणींत येऊ लागला. रूफ प्रिझमची दुर्बीण घेताना माहितीपत्रकात फेज कोटिंगचा उल्लेख शोधावा. तो नसेल तर त्याच किमतीची पोरो दुर्बीण अधिक स्पष्ट प्रतिमा देण्याची शक्यता मोठी असते.

काच आणि लेप

प्रिझमसाठी प्रामुख्याने दोन प्रकारची काच वापरली जाते. बीके-७ या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याची तिची क्षमता दाखवणारा अंक, सुमारे १.५१७ असतो, तर बाक-४ या काचेचा सुमारे १.५६९. बाक-४ मध्ये तिरकस किरणांचेही पूर्ण परावर्तन होते, त्यामुळे प्रतिमेच्या कडा काळवंडत नाहीत. याची परीक्षा दुकानातच करता येते. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरून तिचे तोंड उजेडाकडे केल्यावर नेत्रिकेत जी प्रकाशाची लहान चकती दिसते, ती पूर्ण गोल असेल तर प्रिझम योग्य आहे, आणि ती चौकोनाकडे झुकलेली किंवा कडेला करड्या सावल्या असलेली दिसली तर प्रिझम कमी प्रतीचा किंवा अपुऱ्या आकाराचा आहे असे समजावे.

प्रिझमइतकेच महत्त्व परावर्तनरोधी लेपांना आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. हवेला लागून असलेले बारा पृष्ठभाग एका नळीत आहेत असे धरले, तर शेवटी केवळ ६१ टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. तेच बहुस्तरीय लेपामुळे प्रत्येक पृष्ठभागावरील हानी अर्ध्या टक्क्यावर आली, तर ९४ टक्के प्रकाश पोहोचतो. बांबूच्या बेटातील सावलीत पक्ष्याचा रंग ओळखू येणे आणि न येणे यांत हाच फरक असतो. माहितीपत्रकातील ‘फुली मल्टिकोटेड’ या शब्दांचा अर्थ सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप आहे असा होतो, तर नुसत्या ‘कोटेड’चा अर्थ काही पृष्ठभागांवर एकेरी लेप असाही होऊ शकतो. यात्रेत व रस्त्याकडेच्या दुकानांत मिळणाऱ्या, आरशासारख्या लालभडक भिंगांच्या दुर्बिणी मात्र टाळाव्यात; तो लाल लेप उपयुक्त प्रकाशच परतवतो आणि दृश्याला हिरवट छटा आणतो.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा विशालन दाखवतो आणि दुसरा वस्तुभिंगाचा, म्हणजे समोरच्या भिंगाचा, व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. आठ पट विशालनाचा अर्थ असा की ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्याप्रमाणे दिसतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४, ८×२५ मध्ये ३.१ आणि १०×२५ मध्ये अवघा २.५ मिलिमीटर असतो.

या संख्येची तुलना डोळ्याच्या बाहुलीशी करावी लागते. लख्ख उन्हात बाहुली दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावते, त्यामुळे नदीपात्रात दुपारी १०×२५ आणि ८×४२ यांच्या उजळपणात फारसा फरक जाणवत नाही. संधिप्रकाशात मात्र तरुण डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत विस्तारते, आणि तेव्हा ८×४२ मधून डोळ्यात जाणारा प्रकाशझोत क्षेत्रफळाच्या हिशेबाने १०×२५ च्या चौपटीहून अधिक असतो. वयाबरोबर बाहुलीचा हा विस्तार घटतो आणि पन्नाशीनंतर अनेकांच्या बाबतीत तो पाच मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणून ज्येष्ठ निरीक्षकाने पाचपेक्षा फार मोठ्या झोतासाठी जादा वजन वागवण्याचे कारण नाही.

विशालन वाढवल्याने तीन गोष्टी गमवाव्या लागतात. पहिली म्हणजे उजळपणा, जो वर स्पष्ट केला आहे. दुसरी म्हणजे दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारी रुंदी. साडेसात अंशांचे दृष्टिक्षेत्र असलेल्या आठ पटीच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३१ मीटर रुंदीचे दृश्य दिसते, तर सहा अंशांच्या दहा पटीच्या दुर्बिणीतून सुमारे १०५ मीटर. सागाच्या शेंड्यावरून उडी घेणारे शेकरू किंवा पानांत हलणारा हरियल पटकन सापडण्यासाठी ही जादा रुंदी निर्णायक ठरते. तिसरी म्हणजे स्थिरता, कारण हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो आणि दहा पटींच्या पुढे तिपाईशिवाय बारकावे टिपणे बहुतेकांना अशक्य होते.

सिरोंच्याच्या उन्हाळ्यात यात चौथ्या कारणाची भर पडते. तापलेल्या वाळूवरून वर चढणाऱ्या उष्ण हवेमुळे दृश्य थरथरू लागते आणि विशालन जितके अधिक, तितकी ही थरथर मोठी दिसते. म्हणून सकाळ सरल्यानंतर पात्रापलीकडील पक्षी ओळखण्यासाठी वीस-तीस पटींचे उपकरण आणले तरी तपशील वाढत नाहीत; त्यावर उपाय एकच, तो म्हणजे निरीक्षणाची वेळ सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत आणणे. ८ ते २४ पट असे बदलते विशालन देणाऱ्या झूम दुर्बिणी याच कारणांनी घेऊ नयेत, कारण त्यांचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते आणि त्यांतील हलत्या भागांमुळे दोन्ही नळ्यांची समांतरता लवकर बिघडते.

डोळा, चष्मा आणि हात

नेत्रिकेच्या काचेपासून किती अंतरावर डोळा ठेवला असता संपूर्ण दृश्य दिसते, त्या अंतराला नेत्र-अंतर म्हणता येईल. माहितीपत्रकात ते ‘आय रिलीफ’ या नावाने दिलेले असते. चष्मा वापरणाऱ्यास ते किमान १५ मिलिमीटर, आणि शक्य असल्यास १७-१८ मिलिमीटर असणे आवश्यक आहे, कारण त्याहून कमी असल्यास दृश्याच्या कडा कापल्या जातात. नेत्रिकेभोवतीची रबरी कडी फिरवून वर-खाली होणारी असावी. चष्मा असताना ती खाली आणि नसताना वर ठेवतात.

दोन बाहुल्यांतील अंतरही तपासावे. बहुतेक दुर्बिणी सुमारे ५६ ते ७४ मिलिमीटरपर्यंत जुळवता येतात, परंतु शाळकरी मुलांच्या डोळ्यांतील अंतर याहून कमी असू शकते, आणि मग त्यांना एक गोल दृश्य दिसण्याऐवजी दोन अर्धवट वर्तुळे दिसतात. शाळेच्या निसर्ग मंडळासाठी खरेदी करताना एखाद्या लहान मुलाला बरोबर नेऊन परीक्षा घेणे म्हणूनच योग्य ठरते.

दोन्ही डोळ्यांची शक्ती क्वचितच समान असते, त्यासाठी उजव्या नेत्रिकेवर जुळवणीची कडी असते. प्रथम उजवे वस्तुभिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी दूरची वस्तू स्पष्ट करावी, नंतर डावे झाकून चाकाला हात न लावता फक्त उजव्या नेत्रिकेची कडी फिरवून तीच वस्तू उजव्या डोळ्याला स्पष्ट करावी. ही जुळवणी न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीलाही सदोष ठरवले जाते आणि वापरणाऱ्याचे डोके दुखते.

वजनाचा विचार दिवसभराच्या पायपिटीच्या हिशेबाने करावा. २५ मिलिमीटर भिंगांची दुर्बीण साधारणपणे ३०० ते ४०० ग्रॅम, ३२ मिलिमीटरची ४५० ते ६०० ग्रॅम आणि ४२ मिलिमीटरची ६०० ते ८०० ग्रॅम भरते. पाण्याची बाटली, नोंदवही, जीपीएस आणि काठी घेऊन गस्त घालणाऱ्या वनरक्षकाने जड म्हणून कार्यालयात ठेवलेली उत्तम दुर्बीण त्याच्या काही उपयोगाची नसते. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वापरल्यास मात्र ४२ मिलिमीटरचे वजनही मानेला जाचत नाही.

पावसाळा, ऊन आणि बुरशी

या प्रदेशात दुर्बिणी पडून फुटण्यापेक्षा बुरशीने अधिक बाद होतात. जून ते ऑक्टोबर या दमट काळात बंद पेटीत ठेवलेल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वाढतात, ते लेप खातात, आणि आतल्या प्रिझमवर वाढल्यास दुरुस्तीचा खर्च दुर्बिणीच्या किमतीइतका होतो. म्हणून आत नायट्रोजन किंवा आरगॉन वायू भरून सीलबंद केलेली दुर्बीण घेणे येथे चैन नसून गरज आहे. आत कोरडा वायू असल्याने बाष्प जमत नाही आणि पहाटे थंडीत उघड्यावर आणल्यावर आतून धुके धरत नाही. जलरोधाचा दर्जा आयपीएक्स-७ असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही पाणी आत शिरत नाही. नावेतून प्राणहिता ओलांडणाऱ्यासाठी हा दर्जा उपयोगी आहे. ‘वॉटर रेझिस्टंट’ असे लिहिलेले उपकरण मात्र शिंतोड्यांपुरतेच सुरक्षित असते.

वापरानंतर दुर्बीण चामडी किंवा कापडी पिशवीत बंद न करता हवेशीर ठेवावी, आणि पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवून त्या पुड्या दर काही आठवड्यांनी गरम करून कोरड्या कराव्यात. नदीच्या वाळूतील कण काचेपेक्षा कठीण असतात, त्यामुळे भिंगावरील धूळ गमछाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे लेपावर ओरखडे काढणेच होय. प्रथम फुंकणीने, मग मऊ ब्रशने कण उडवावेत आणि शेवटीच स्वच्छ मायक्रोफायबर कापड वापरावे. उन्हाळ्यात बंद जीपच्या काचेमागे दुर्बीण ठेवू नये, कारण तेथील उष्णतेने सील आणि जोडकामातील चिकटद्रव्य सैल होते.

दुकानातील तपासणी

खरेदी चंद्रपूर, नागपूर किंवा हैदराबाद येथील दुकानातून केली तर प्रत्यक्ष तपासणीची संधी मिळते, आणि ती पूर्ण वापरावी. दूरच्या छपराच्या कडेकडे किंवा विजेच्या तारेकडे पाहताना प्रतिमा दुहेरी दिसली, किंवा काही मिनिटांत डोळ्यांवर ताण जाणवू लागला, तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत असे समजून तो नग परत करावा. उजळ आकाशासमोर तारेवर बसलेल्या कावळ्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार ठळक दिसली, तर भिंगे रंगांचे एकत्रीकरण नीट करत नाहीत. दृश्याच्या मध्यावरील स्पष्टता कडेकडे किती टिकते ते पाहावे, फोकसचे चाक दोन्ही दिशांना सारख्या जोराने फिरते का ते तपासावे, आणि दुर्बीण हलकेच हलवून आत काही सुटे वाजत नाही ना याची खात्री करावी. फुलपाखरे व कीटक पाहणाऱ्यांनी किमान फोकस-अंतर दोन मीटरच्या आसपास आहे का ते पाहावे. शेवटी दुकानाच्या आतल्या सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात दुर्बीण रोखून तेथील अक्षरे वाचून पाहावीत, कारण वनातील सावलीच्या जवळ जाणारी परीक्षा तीच आहे. दूरवरून मागवलेल्या वस्तूच्या बाबतीत परत करण्याची मुदत आणि भारतातील दुरुस्ती-सेवा यांची आधी खात्री करून घ्यावी.

या सर्व निकषांचा एकत्रित विचार केला तर गस्त, शिक्षण आणि पक्षिनिरीक्षण या तिन्हींसाठी सीलबंद, फेज कोटिंग असलेली ८×३२ रूफ प्रिझम दुर्बीण हा सर्वाधिक समतोल पर्याय ठरतो. ज्यांचे काम पहाटे व सायंकाळी पाणवठ्यांवर किंवा मचाणावर चालते त्यांनी ८×४२ घ्यावी. ज्यांना सतत खिशात राहणारे साधन हवे त्यांनी ८×२५ घ्यावी आणि संधिप्रकाशातील तिची मर्यादा आधीच मान्य करावी. आणि ज्या शाळांचे अंदाजपत्रक लहान आहे त्यांनी बाक-४ काचेची ८×३० किंवा ८×४० पोरो दुर्बीण घेऊन तिच्या कोरड्या साठवणुकीची व्यवस्था करावी.

बंदुकीवरील प्रिझम स्कोपविषयी

कायद्याच्या चौकटीत बंदुकीवरील स्कोपचा प्रश्न मोजक्याच ठिकाणी उद्भवतो. पहिले ठिकाण नेमबाजीच्या खेळाचे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल प्रकारांत विशालन करणारे स्कोप चालत नाहीत. तेथे लहान छिद्रातून पाहण्याचे दर्शक वापरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात मिळवलेले कांस्यपदक याच पद्धतीच्या दर्शकाने मिळवलेले आहे, त्यामुळे या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या युवकाने स्कोपवर खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरे ठिकाण वन्यप्राण्यांना गुंगीचे इंजेक्शन देणाऱ्या डार्ट बंदुकीचे, जी कायदेशीर आदेशानंतर वनविभागाचे प्रशिक्षित पथक आणि पशुवैद्यक यांनीच वापरावयाची असते. डार्ट जड आणि संथ असल्यामुळे त्याचा मारा काही दशक मीटरांपुरता मर्यादित असतो, म्हणून अशा वेळी एक ते तीन पट विशालन आणि रुंद दृष्टिक्षेत्र पुरते. प्रिझम स्कोपमधील नेमरेषा काचेवरच कोरलेली असल्याने ती बॅटरी संपली तरी दिसते, आणि दृष्टिवैषम्य, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतील असमानता, असलेल्या व्यक्तीला लाल ठिपक्याच्या दर्शकात जो पसरलेला ठिपका दिसतो तो दोष या कोरीव रेषेत राहत नाही. नेत्र-अंतर मात्र लांब स्कोपपेक्षा कमी असते, म्हणून डोळ्याची जागा सरावाने पक्की करावी लागते. खासगी परवानाधारकाने शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांतील तरतुदी जिल्हाधिकारी कार्यालयातून समजून घेतल्याशिवाय शस्त्रावर कोणतेही साधन बसवू नये, आणि ते बसवल्याने वनात शस्त्र नेण्याचा कोणताही अधिकार मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वापराची शिस्त

सिरोंचा हा तीन राज्यांच्या सीमांवरचा तालुका असून गडचिरोली जिल्ह्यात सुरक्षा दलांचा वावर दीर्घकाळापासून आहे. त्यामुळे बाहेरून आलेल्या निरीक्षकाने वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी घ्यावी, मुक्कामाची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावी, लष्करी धाटणीचे ठिपकेदार कपडे टाळावेत, आणि दुर्बीण छावण्या, पूल किंवा घरांच्या अंगणांकडे रोखू नये. गोंडी, माडिया, तेलुगू किंवा मराठी बोलणारा गावातील वाटाड्या बरोबर असणे सुरक्षिततेसाठी आणि ज्ञानासाठीही आवश्यक आहे, कारण प्राणी कोठे व केव्हा येतात हे तेंदूपाने व मोहफुले गोळा करणाऱ्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही पुस्तकात नसते.

दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. एकवटलेला प्रकाश दृष्टिपटल कायमचे जाळतो, आणि मुलांच्या हाती दुर्बीण देताना ही सूचना पहिली असावी. घरट्यांजवळ दीर्घकाळ थांबू नये. २०२१ पासून छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेल्या जंगली हत्तींच्या बाबतीत, तसेच वाघ, अस्वल आणि रानम्हैस यांच्या बाबतीत, दुर्बिणीमुळे प्राणी जवळ दिसतो म्हणून अंतराचा अंदाज चुकू शकतो. म्हणून अधूनमधून दुर्बीण खाली घेऊन उघड्या डोळ्यांनी अंतर आणि परतीची वाट पडताळावी.

उपकरणाच्या निवडीचा आणि या शिस्तीचा संबंध थेट आहे. अंधुक दुर्बीण वापरणारा निरीक्षक तपशील दिसत नाही म्हणून चार पावले पुढे जातो, अरुंद दृष्टिक्षेत्राचा निरीक्षक प्राणी सापडत नाही म्हणून हालचाल करतो, आणि जड दुर्बिणीचा निरीक्षक ती घरीच ठेवून जवळून पाहण्याचा प्रयत्न करतो. तिन्ही बाबतीत त्रास प्राण्याला होतो आणि धोका माणसाला. म्हणून प्रकाश, प्रिझम, डोळा, हात आणि हवामान यांना विशालनाआधी स्थान देण्याचा आग्रह हा उपकरणशास्त्राइतकाच संवर्धनाचाही आहे. ज्या दुर्बिणीतून पाहताना रानम्हशीचे चरणे थांबत नाही आणि तरीही निरीक्षकाच्या नोंदवहीत तिच्या शिंगांची ठेवण अचूक उतरते, ती दुर्बीण योग्य निवडली गेली असे निश्चितपणे म्हणता येते.